अनुसयेचं इंग्रजी

कोष्टीपुऱ्यातल्या अनुसयेला इंग्रजीचा एक शब्द यायचा. एकच. मराठीत तिला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं, जन्मभर अंगठ्यावरच तिचा कारभार चालला. पण तो एक इंग्रजी शब्द तिला जितका कळला होता तितका सीताबर्डीवर कोट घालून फिरणाऱ्या भल्याभल्या बाबूंना कळला नसेल. बाबू लोक शाळेत फी भरून शब्द शिकतात. अनुसयेचा नवरा गेला तेव्हा कुठे तो एक शब्द तिच्या पदरात पडला.

नवऱ्याचं नाव ताराचंद. माग घरातच. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ताराचंद विणायचा आणि बाजूला बसून अनुसया सुताच्या कांड्या भरायची. दोन मुलं झाली होती, दोन्ही वर्षाच्या आत गेली. त्यामुळे घरात आवाज काय तो मागाचा, आणि एकोणीसशे त्रेपन्नच्या दिवाळीपासून ताराचंदच्या खोकल्याचा. पहिले पंधरा दिवस सुताची धूळ म्हणून काढले, पुढचे पंधरा दिवस थंडी म्हणून. मग एके दिवशी धोटा फेकता फेकता त्याला ठसका लागला आणि पांढऱ्या ताण्यावर लाल थेंब उडाले. ताराचंदनं आधी ते लुगडं पुसलं, मग तोंड. कोष्टी तो कोष्टीच.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर बरा माणूस होता, त्यानं अनुसयेला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. डाव्या फुफ्फुसाला क्षय आहे, उजवं अजून वाचलं आहे. ते वाचवायचं असेल तर दोन महिन्यांच्या आत याला कुठेतरी खाट मिळाली पाहिजे, सुया सुरू झाल्या पाहिजेत, आणि मागावर बसणं बंद. दोन महिने उलटले तर मग माझ्याकडे येऊ नका. अनुसयेनं घरी येऊन नवऱ्याला एवढंच सांगितलं की खाट पाहिजे. दोन महिन्यांचा हिशेब तिनं स्वतःजवळ ठेवला.

काटोलच्या रस्त्यावर, शहराच्या बाहेर, क्षयाच्या रोग्यांचं एक आरोग्यधाम होतं. भोवती निलगिरीची झाडं, लांब लांब बैठ्या खोल्या, लोखंडी फाटक. त्याची कचेरी मात्र शहरात, सीताबर्डीवर. आणि त्या कचेरीत टाइप करायला अनुसयेच्या शेजारचाच गिरिधर सोनकुसरे होता. गल्लीतला पहिला मॅट्रिक. त्याच्या बापानं माग विकून त्याला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं आणि गल्लीला त्याचा फार अभिमान. कोणाच्या घरी इंग्रजी कागद आला की तो गिरिधरकडे जायचा, मग ती कोर्टाची नोटीस असो की साबणाची जाहिरात. ताराचंदचा अर्जही त्यानंच लिहून दिला. आपला माणूस कचेरीत आहे म्हटल्यावर ताराचंद निर्धास्त झाला. अर्ध्या गल्लीनं तर खाट मिळाली असंच धरलं.

आठ दिवसांनी पोस्टमननं कागद आणून दिला. जाड पांढरा कागद, वर छापील नाव, खाली साहेबाची सही. संध्याकाळी गिरिधर सायकल ओट्याला टेकवतो न टेकवतो तोच अनुसयेनं कागद त्याच्या हातात दिला. ताराचंद घोंगडी पांघरून दाराशी बसला होता.

गिरिधरनं कागद पाहिला. त्याला तो वाचायची गरज नव्हती, दोन दिवसांपूर्वी त्यानंच टाइप केला होता. तरी त्यानं वाचल्यासारखं केलं. एकदा ताराचंदच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी दोघं एकत्र विटीदांडू खेळलेले.

"साहेबाले वाईट वाटून राहिलं म्हणे," गिरिधर म्हणाला.

"काहून गा?" ताराचंदनं विचारलं.

"खाट खाली नाही ना सध्या. म्हणून साहेबाले वाईट वाटते, असं लिवलं हाये."

"सध्या नाही म्हणते?"

"हो. सध्या."

"अजून का लिवलं हाये? दुसरीबी ओळ दिसते," अनुसया म्हणाली.

"ते असंच असते वहिनी. कचेरीचं," असं म्हणून गिरिधरनं कागदाची घडी घातली आणि तो हात धुवायला निघून गेला.

आता ही जी गफलत झाली ती दुसऱ्या कोणाची झाली नसती, कोष्ट्यांचीच व्हायची. इतवारीत गुलाबचंद शेठची पेढी होती, तिथे सारी गल्ली लुगडी घेऊन जायची. शेठ कधी कोणाला नाही म्हणाला नाही. लुगडं उलगडून पाहायचा, काठावर बोट फिरवायचा, आणि तोंड पाडून म्हणायचा, "बहुत बुरा लगता है भाई, आज नहीं हो सकता." याचा अर्थ कोष्ट्यांना तोंडपाठ होता. शेठला वाईट वाटलं म्हणजे काम होणार. आता उठायचं नाही. पेढीच्या ओट्यावर बसायचं, पाणी मागायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसतं शेठच्या नजरेसमोर बसून राहायचं. दिवस कलला की शेठ आतून हाक मारायचाच. जो उठून दुसऱ्या पेढीवर गेला त्याच्यासाठी शेठचं दार पुढे कायमचं बंद. तीन पिढ्या अशा ओट्यावर बसून जगल्या होत्या. कोणाला वाईट वाटतंय आणि तरीही तो देणार नाही, ही गोष्ट या लोकांच्या हिशेबातच नव्हती.

"साहेबाले वाईट वाटलं ना," ताराचंद म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी हसला. "मंग होईन आपलं काम. बसा लागन."

गिरिधर त्याच गल्लीत वाढला होता. वाईट वाटलं म्हटल्यावर हे लोक काय करतील हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भिंतीपलीकडे तोंडावर पाणी मारत त्यानं ताराचंदचं हे बोलणं ऐकलं, आणि तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवसापासून नवरा-बायको आरोग्यधामाच्या फाटकाशी जाऊन बसायला लागले. सकाळी भाकरी बांधून निघायचं, चालत चालत, मध्ये तीनदा बसत, ऊन चढायच्या सुमाराला पोचायचं. फाटकाच्या डाव्या हाताला पुलाचा कठडा होता, त्यावर बसायचं. चौकीदारानं पहिल्या दिवशी हटकलं, मग सोडून दिलं. अनुसयेनं ताराचंदला बजावलं होतं की खोकला आला तर तोंड पदरात घालून खोकायचं, आवाज झाला तर साहेबाला राग येईल. आणि तो बिचारा तिच्या पदराचं टोक तोंडाशी धरून खोकायचा. साहेबाची मोटार सकाळी आत जायची, दुपारी बाहेर यायची. मोटार दिसली की दोघं हात जोडून उभे राहायचे. एकदा साहेबानं काचेतून पाहिलं. त्या दिवशी परत येताना ताराचंदला चालायचा त्रासच झाला नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो चालेनासा झाला. मग अनुसया एकटीच जायला लागली. जानेवारीची थंडी, निलगिरीचा वास, आणि समोर फाटक. बोटावर दिवस मोजत ती बसायची. चाळीस झाले. पंचेचाळीस झाले. रोज वाटायचं की आज उठून गिरिधरला विचारावं, आणि रोज वाटायचं की आज उठलो आणि आजच आतून हाक आली तर?

कठड्यावर ती एकटी नव्हती. माणसं येत, चार दिवस बसत, जात. काटोलची जिजाबाई मात्र टिकून होती. संत्र्याच्या बागेत मजुरी करणारी बाई, लेक आजारी, नवरा नाही. सकाळच्या बसनं यायची, संध्याकाळच्या बसनं जायची. दोघींचं सूत जमलं. पन्नासाव्या दिवशी जिजाबाईनं कमरेच्या पिशवीतून आपला कागद काढला. उन्हात वाळवायला; सकाळी येताना दवात भिजला होता. तिनं तो कठड्यावर पसरला आणि वर दगड ठेवला.

अनुसयेनं सहज पाहिलं. अक्षरं तिला येत नव्हती, पण काठ पाहायची नजर होती. लुगड्याच्या काठात नऊ वारांत एखादा दोरा चुकला तर तिला तो हातभरावरून दिसायचा. त्या कागदावर तिला एक नक्षी दिसली. पहिल्या ओळीत, डावीकडून थोडी आत. दोन बारीक खुणा, मग एक खाली शेपूट सोडलेली, मग पुन्हा त्याच दोन खुणा, आणि शेवटी एक उभा खांब. ती नक्षी तिनं आधी पाहिली होती. पन्नास दिवस पाहत होती. तिनं आपला कागद काढून बाजूला ठेवला. तीच नक्षी, त्याच जागी.

"जिजाबाई, तुमाले याच्यात का लिवलं म्हणून सांगतलं?"

"गुरुजीनं वाचलं ना. साहेबानं ध्यानात ठेवलं हाये म्हणे."

पलीकडे उमरेडचा एक म्हातारा बसला होता, सुनेसाठी आलेला. अनुसयेनं त्याचाही कागद मागून घेतला. तिथेही तीच नक्षी. म्हाताऱ्याला कोणीतरी सांगितलं होतं की पुढे कळवू असं लिहिलंय. तीन कागद, तीन अर्थ, आणि नक्षी एकच. मागाच्या एकाच जाळीवर विणलेले तीन काठ. ज्याला खरोखर वाईट वाटतं तो काटोलच्या पोरीसाठी, उमरेडच्या सुनेसाठी आणि आपल्या नवऱ्यासाठी अगदी एकसारखं, एकाच जागी, एकाच मापाचं वाईट वाटून घेईल होय? अनुसयेनं आपला कागद घडी करून कमरेला खोचला. ती उठली. पन्नास दिवसांत पहिल्यांदा ती दिवस कलायच्या आधी उठली आणि मागे न पाहता चालत निघाली.

गिरिधर घरी आला तेव्हा ती त्याच्याच ओट्यावर बसली होती. त्याची बायको प्रेमलता चहा विचारून थकली होती.

"भाऊजी, याले का म्हंते?" तिनं कागदावर बोट ठेवलं.

गिरिधरनं बोटाखाली पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"रिग्रेट."

"म्हंजे?"

"म्हंजे... खेद. वाईट वाटणं."

"कोणाले?"

तिनं बोट हलवलं नाही.

"कोणालेच नाही वहिनी," तो शेवटी म्हणाला. "लिहाची रीत हाये ते. दिवसाचे पंधरा कागद मी टाइप करतो. सगळ्याइत ते असतेच. साहेब तं वाचत बी नाही, सही करते निस्ती."

"मंग याचा अर्थ का?"

"नाही."

"सध्या नाही?"

"नाही. निस्तं नाही. सध्या मी लावलं."

"आन् ही दुसरी ओळ?"

गिरिधरनं ती वाचली. अर्जदारानं आपली सोय दुसरीकडे करावी असा सल्ला देण्यात येतो. मग कोणी न विचारताच त्यानं पुढचंही सांगून टाकलं, कारण आता त्याला ते पोटात ठेवणं जमेना. छिंदवाड्याच्या वाटेवर मिशनचा एक दवाखाना आहे. तिथे खाटा असतात. कचेरीतले लोक आपल्या ओळखीच्यांना तिकडेच पाठवतात. इतवारीच्या स्टेशनावरून छोट्या गाडीनं जाता येतं.

"हे तुमाले कई मालूम होतं?"

"पयल्याच दिवशी."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"ताराचंदच्या तोंडाकडे पाहून नाही सांगता आलं वहिनी. वाटलं, कचेरीतल्या मोठ्या बाबूले विचारून पाहू, मधात नंबर लावता आला तं पाहू..."

"विचारलं?"

गिरिधरनं मान हलवली. नव्हतं विचारलं. तो भला माणूस होता, आणि भल्या माणसांना ज्याची भीती वाटते त्या सगळ्याची त्याला भीती वाटत होती. मोठ्या बाबूची, मित्राच्या तोंडाची, नाही या शब्दाची. अनुसयेनं त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं.

सकाळच्या छोट्या गाडीनं ती ताराचंदला घेऊन गेली. मिशनच्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडात धरला आणि तिच्याकडे न पाहता विचारलं की इतके दिवस कुठे होता. उजवं फुफ्फुसही गेलं होतं. दीड महिना आधी आणायला हवं होतं, तो म्हणाला. अनुसया त्याला सांगणार तरी काय? की आम्ही फाटकाशी बसलो होतो, साहेबाला वाईट वाटत होतं म्हणून? त्यांनी त्याला घेतलं, खाट दिली, सुया दिल्या. जे दोन महिन्यांपूर्वी मिळायचं ते सारं दिलं. होळीच्या चार दिवस आधी ताराचंद गेला. मरायच्या आदल्या दिवशी तो तिला म्हणाला, "साहेबाची चिठ्ठी आली असन वं घरी. पाहून ये." ती हो म्हणाली.

परत आली ती एकटीच. कांड्या भरणारे हात मागावर बसले. विणायला बायका बसत नसत, गल्लीनं नाकं मुरडली. तिनं कोणाला विचारलंच नव्हतं. गिरिधरशी ती वर्षभर बोलली नाही. गल्लीतले लोक म्हणायचे, बिचाऱ्या गिरिधरचा काय दोष, त्यानं चांगल्या मनानंच केलं. ते ऐकलं की अनुसयेचा धोटा जोरात आपटायचा.

आणि कागद तर येतच होते. क्षयाला कोष्टीपुरा फार आवडायचा. अंधाऱ्या खोल्या, ओलावा, सुताची धूळ. लोक कागद घेऊन गिरिधरच्या दाराशी येत. एका संध्याकाळी वाडीचा एक हमाल आला, भावासाठी अर्ज केलेला. गिरिधर कागद हातात घेऊन घसा खाकरत होता. अनुसया मागावरून उठली, मधली बोळ ओलांडून आली आणि कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. पहिली ओळ, डावीकडून थोडी आत. होती.

"नाही म्हंते," ती हमालाला म्हणाली. "रिग्रेट लिवलं हाये. नाही. फाटकाशी बसू नको. सकाळच्या गाडीनं मिशनच्या दवाखान्यात घेऊन जा."

हमाल तिच्याकडे पाहतच राहिला. मग त्यानं गिरिधरकडे पाहिलं. गिरिधर खाली मान घालून म्हणाला, "वहिनी बराबर सांगून राहिल्या."

तेव्हापासून ते तिचं कामच झालं. लोकांना ती आवडायची असं मुळीच समजू नका. कागद घेऊन येणाऱ्या माणसाला अर्थ नको असतो, धीर हवा असतो. आणि ही बाई दारातच नाही म्हणून मोकळी. तिला पांढऱ्या पायाची म्हणत, हिचं तोंड पाहिलं की घरात मढं निघतं म्हणत. एका आईनं तर तिच्या अंगावर चप्पल फेकली. अनुसयेनं चप्पल उचलून तिच्या पायाशी ठेवली आणि छिंदवाड्याच्या गाडीची वेळ पुन्हा एकदा सांगितली. तिचं ऐकून किती जण वेळेत गेले आणि किती वाचले, कोणाला ठाऊक. वाचलेला माणूस अशा बाईला भेटायला परत येत नाही.

अठ्ठावन्नच्या पावसाळ्यानंतर गिरिधरची प्रेमलता अंथरुणाला खिळली. त्यानं मोठ्या बाबूला या वेळी विचारलं, हातापाया पडून विचारलं. मोठा बाबू म्हणाला, यादी ती यादी, कचेरीतल्या माणसाला वेगळी नाही. शेवटी तो कागद गिरिधरलाच टाइप करावा लागला. वर स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता. पोस्टात न टाकता तो त्यानं खिशातून घरी आणला, पण आपल्या घरात गेला नाही. अनुसयेच्या दाराशी उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "ते विचारून राहिली. तुमी सांगा तिले. माह्या तोंडातून नाही निघत."

अनुसयेनं कागद घेतला नाही. त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं. ती त्याच्या घरात गेली. तिथे खाटेवर प्रेमलता भिंतीकडे तोंड करून पडली होती. चाहूल लागताच ती वळली. गालांची हाडं वर आलेली, डोळे तेवढे मोठे झालेले. आणि त्या डोळ्यांत असं काही होतं की अनुसया खाटेपासून दोन पावलांवरच थांबली.

"का लिवलं वं बाई, साहेबानं?" प्रेमलतेनं विचारलं. "यांच्या कचेरीतलंच हाये, थोडं तं मनावर घेतलं असन ना?"

हो म्हणावं. सध्या खाट नाही म्हणावं. साहेबाला वाईट वाटलं म्हणावं. तीन शब्द, आणि हिचं तोंड उजळेल, ही आज जेवेल, आज झोपेल. ते शब्द अनुसयेच्या ओठांवर आले होते. पाच वर्षं जो राग तिनं उराशी धरून ठेवला होता, तो त्या क्षणी कुठे गेला तिला कळलं नाही. गिरिधर त्या दिवशी ओट्यावर असाच उभा असेल. असाच. तिला रडू कोसळलं. ताराचंद गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

प्रेमलता घाबरून उठून बसली. "का झालं वं?"

अनुसयेनं पदरानं तोंड पुसलं.

"नाही म्हंते," ती म्हणाली. "खाट नाही देत. ऊठ, लुगडं बांध. सकाळच्या गाडीनं मिशनच्या दवाखान्यात जाऊ. मी चालतो तुह्यासंगं."